सर्पदंशाच्या मृत्यूवर ‘अंधश्रद्धेचा बळी’ असा शिक्का मारणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण आरोग्य, महसूल आणि पोलीस यंत्रणेतले सर्व जबाबदार अधिकारी, तसेच लोकप्रतिनिधी

महोदय, महोदया,

मृग लागला की रामटेक, मौदा, कुही, भिवापूरच्या धानपट्ट्यात पऱ्हे टाकायची घाई सुरू होते आणि त्याच दिवसांत साप चावल्याच्या बातम्याही सुरू होतात. बातमीचा साचा ठरलेला आहे. साप चावला, मांत्रिकाकडे नेलं, मग दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मृत घोषित केलं. बातमीच्या शेवटी तुमच्यापैकी कुणाचं तरी एक वाक्य असतं: नातेवाइकांनी वेळ दवडला, जनजागृती मोहीम हाती घेऊ. मग पोस्टर लागतात, शाळेत पथनाट्य होतं आणि पुढच्या आषाढात तीच बातमी दुसऱ्या गावाच्या नावानं येते.

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

आमच्यात निवृत्त आरोग्यसेवक आहेत, आशाताई आहेत, सर्पमित्र आहेत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात वर्षं घातलेले कार्यकर्ते आहेत. आम्ही मांत्रिकांची वकिली करत नाही, हे आधीच सांगतो. दंशावर ब्लेड मारणारा, करकचून दोरी बांधणारा, ‘दवाखान्यात नेलं तं मरन’ म्हणून धाक घालणारा माणूस आम्हाला तुमच्याइतकाच नकोसा आहे. पण ज्यांच्या घरी जमिनीवर अंथरूण पडतं त्या गावांत आम्ही राहतो. तिथले लोक मांत्रिकाकडे का जातात याचं उत्तर ‘अडाणी आहेत म्हणून’ इतकं सोपं नाही, आणि ते तसं मानून चाललात तर यंदाही तुम्ही पोस्टरच छापाल.

मांत्रिकाचा गुण येतो. गुण येतो म्हणून लोक जातात. का येतो, ते बघा.

साप चावण्याच्या बहुतेक घटना बिनविषारी सापांच्या असतात: धामण, पाणदिवड, कवड्या, तस्कर. माणसाच्या जिवावर उठणारे आपल्याकडचे मुख्य साप चार, म्हणजे नाग, मण्यार, घोणस (तिला आपल्याकडे परड म्हणतात) आणि फुरसं. तेही दर वेळी विष सोडतातच असं नाही. दात लागतात, पण विष आत जात नाही, असे कोरडे दंश होतात. म्हणजे मांत्रिकाच्या ओसरीवर आणलेल्यांपैकी बरेच जण नुसतं पांघरूण घालून निजवलं असतं तरी सकाळी चालत घरी गेले असते. त्यात कवड्या दिसायला मण्यारसारखा. काळपट अंगावर पांढरे पट्टे बघून लोक मण्यारच समजतात, माणूस वाचतो आणि ‘मण्यार चावलेला उठवला’ ही कीर्ती चार गावं फिरते. मांत्रिक यात खोटं बोलतोय असंही नाही. त्याचा स्वतःचाही तसा विश्वास बसलेला असतो.

त्याच्या परीक्षाही गावाला पटणाऱ्या असतात. कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष चढलंय. कडू लागायला लागला की उतरलं. भेदरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, त्याला चव धड कळत नाही. तासाभरात भीती ओसरते, तोंडाला पाणी सुटतं आणि पाला कडू लागतो. काशाची थाळी पाठीला चिकटवतात, ती ‘विष ओढून’ खाली पडते. ओल्या घामट पाठीला गार थाळी चिकटते आणि घाम सुकला की पडते. दोन्ही परीक्षा भीती मोजतात, विष नाही. पण बघणाऱ्या पन्नास माणसांच्या डोळ्यांसमोर निकाल लागलेला असतो, आणि दवाखान्यात पडद्याआड काय झालं ते कुणी बघितलेलं नसतं.

कावीळ उतरवणाऱ्याचंही असंच. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला लावून ठेवतात आणि मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. पाणी पिवळंधम्मक होतं. साल आणि चुना एकत्र आले की रंग येतोच, मग हात काविळीच्या रुग्णाचे असोत की तुमचे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्याचं श्रेय गळ्यात घातलेल्या माळेला मिळतं. कुत्रा चावल्यावरची मुळी तर याहून बिनधोक धंदा आहे. चावलेला कुत्रा बहुतेक वेळा पिसाळलेला नसतोच. असला तरी रोग उमटायला सहसा एक ते तीन महिने लागतात, आणि तोवर मुळी देणाऱ्याचं नाव मृत्यूशी जोडायचं कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

आता दुसरी बाजू मांडा. मांत्रिक चार घरं सोडून राहतो. रात्री दोन वाजता उठतो. नारळ, लिंबू, अकरा रुपये, जमलं तर नंतर कोंबडा. ‘आमच्याकडे सोय नाही’ असं तो कधी म्हणत नाही. रुग्णाच्या अंगावर हात ठेवतो, त्याच्याच बोलीत बोलतो. दवाखान्याला जायचं तर गाडी शोधा, भाडं ठरवा, उसने पैसे घ्या, दोन माणसांची मजुरी पाडा, आणि पोचल्यावर ऐका, ‘नागपूरला न्या.’ शिवाय हिशोब असा की मांत्रिकाकडून माणूस मरायला टेकल्यावरच दवाखान्यात येतो आणि तिथं मरतो. गावाच्या लेखी मरण दवाखान्याच्या नावावर जमा होतं. मांत्रिकाच्या नावावर फक्त वाचलेले.

या सगळ्यावर ‘साप चावल्यास मांत्रिकाकडे जाऊ नका’ हे पोस्टर काय करणार? लोकांना कुठं जायचं नाही ते कळतं. कुठं जायचं, तिथं रात्री कोण असेल, औषध असेल का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. आमच्या तक्रारी इथून सुरू होतात.

एक. सर्पदंशाच्या लसीचा, म्हणजे साप चावल्यावर द्यायच्या प्रतिविषाचा, साठा कसा ठरतो? औषधांची मागणी साधारणपणे मागच्या वर्षीच्या वापरावरून नोंदवली जाते. आता ज्या भागात लोक आधी मांत्रिकाकडे जातात, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वापर कमी दिसणार. वापर कमी म्हणून कुप्या कमी येणार. कुप्या कमी म्हणून आलेल्याला पुढं पाठवणार. पुढं पाठवलेल्याचा भाऊ पुढच्या खेपेला थेट मांत्रिकाकडे जाणार, आणि वापर आणखी कमी दिसणार. म्हणजे जिथं गरज सगळ्यात जास्त, तिथलंच कपाट कागदोपत्री ‘पुरेसं’ भरलेलं. या चक्रात अंधश्रद्धा कुठं सुरू होते आणि तुमचं मागणीपत्रक कुठं संपतं ते आम्हाला सांगा. पहिली मात्राच साधारण 8 ते 10 कुप्यांची असते, आणि मुलालाही मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते, कारण साप अंग बघून विष सोडत नाही. ज्या केंद्रात चारच कुप्या आहेत तिथं ‘लस उपलब्ध’ असं लिहिणं ही धूळफेक आहे.

दोन. पहिली मात्रा न देताच रुग्णाला पुढं पाठवणं. ही आमची सगळ्यात मोठी तक्रार आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

लस शिरेतून द्यायची असते. पावडरच्या प्रत्येक कुपीत सोबतचं 10 मिलिलिटर पाणी घालून ती हळूहळू फिरवत विरघळवावी लागते. जोरात हलवली की फेस होतो. दहा कुप्या विरघळवायला रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरला बराच वेळ लागतो, आणि त्याच वेळी रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाबही तिनंच बघायचा असतो. मग सलाइनमधून सुमारे तासाभरात ती मात्रा द्यायची. काहींना लसीची तीव्र रिअॅक्शन येते: अंगावर गांधी उठतात, श्वास घरघरतो, रक्तदाब पडतो. त्यासाठी अॅड्रिनालिनची सिरिंज भरून उशाशी हवी. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. ही सिरिंज तयार असेल तर बहुतेक रिअॅक्शन तिथंच सावरता येतात. नसेल, किंवा वापरायचा सराव नसेल, तर डॉक्टर घाबरतो. बाहेर चाळीस माणसं उभी असतात, काही झालं तर हात आपल्यावर पडणार हे त्याला माहीत असतं. तो चिठ्ठी लिहितो आणि गाडी नागपूरच्या दिशेनं निघते.

देवलापारसारख्या भागातून किंवा भिवापूरकडच्या गावांतून नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठायची म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर आणि त्याहून जास्त. विष तेवढा वेळ थांबत नाही. परडीच्या विषानं रक्त गोठायची ताकद जाते, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. लस रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. जे नुकसान होऊन गेलं ते ती भरून काढत नाही. म्हणून ज्याला लक्षणं आहेत त्याला पहिली मात्रा पहिल्याच दवाखान्यात सुरू झाली पाहिजे, आणि मग 108 रुग्णवाहिकेत सोबत माणूस देऊन पुढं पाठवलं पाहिजे. ही आमची मागणी नवी नाही. मात्रा, तपासणी, पुढं कधी पाठवायचं, हे सगळं राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे.

डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. एकटा माणूस, सराव नाही, संरक्षण नाही, वरून चौकशीची भीती. अशा ठिकाणी चिठ्ठी लिहिणं हेच त्याला सुरक्षित वाटणार. ही व्यवस्था ज्यांनी तशी ठेवली त्यांना आम्ही विचारतोय.

तीन. साध्या तपासण्यांचं साहित्यही जागेवर नसतं. परड किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर 2 मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. नंतर नळी तिरपी करायची. रक्त वाहिलं, गोठलं नाही, तर विष भिनलंय. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. फक्त नळी काचेची आणि नवी हवी. प्लास्टिकच्या नळीत, किंवा साबणानं धुतलेल्या काचेच्या नळीत, निकाल चुकतो. एका नळीच्या किमतीत माणसाचा निर्णय लागतो आणि आम्ही केंद्रात विचारलं की प्लास्टिकची नळी पुढं येते.

चार. मण्यारविषयी गावात कुणी काही सांगितलेलं नाही. मण्यार रात्री निघते, जमिनीवर निजलेल्याला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण भिंग लावून शोधावी लागते. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो, पापण्या मिटायला लागतात, बोबडी वळते. साप कुणी बघितलेलाच नाही. आता सांगा, घरच्यांनी काय समजायचं? रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी डोळे उघडत नाही आणि जीभ लुळी पडते. गावाच्या भाषेत याला ‘बाहेरचं’ म्हणतात, आणि बाहेरच्यावर इलाज जाणत्याकडे असतो. अनेकदा दवाखान्यातही आधी अपचनाचं इंजेक्शन दिलं जातं. आशाताईला तीन गोष्टी शिकवा: मान न हलवता वर बघायला सांगायचं आणि पापण्या उचलतात का बघायचं, एका श्वासात आकडे मोजायला लावायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायला लावून आकडा उतरतोय का बघायचं, उताणं निजवून मान उशीवरून उचलता येते का बघायचं. यातलं काहीही बिघडलेलं दिसलं तर साप दिसो न दिसो, गाडी बोलवायची. मण्यारच्या विषाला लस उशिरा दिली तर लकवा लगेच सुटत नाही, श्वास यंत्रानं किंवा हातानं चालू ठेवावा लागतो, कधी दिवसचे दिवस. म्हणून वाटेत रबरी फुग्यानं श्वास देता येणारा माणूस गाडीत असणं हेच इथं जीवनमरण ठरवतं.

पाच. दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांना दिलेल्या शिव्या. ‘मांत्रिकाकडं कशाला नेलं? आता आणता का?’ याचा परिणाम एवढाच होतो की पुढचा माणूस खरं सांगत नाही. दोरी किती वेळ बांधली होती, कोणती मुळी पाजली, तूप पाजलं का, हे लपवलं जातं. घट्ट दोरी कित्येक तास असेल तर ती सोडताच अडकलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं; सोडण्याआधी लस आणि श्वासाची तयारी जागेवर लागते. ही माहिती शिव्या देऊन मिळत नाही.

सहा. कुत्रा चावल्यावर ‘पाच जण जमले की या’ म्हणणं. कातडीत द्यायच्या पद्धतीत प्रत्येक खेपेला दोन ठिकाणी 0.1 मिलिलिटर, म्हणजे एका माणसाला 0.2 मिलिलिटर लागतं. एक मिलिलिटरच्या कुपीत पाच माणसं होतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते. ती वाया जाऊ नये म्हणून एकट्या आलेल्या शेतमजुराला परत पाठवलं जातं. पहिला दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा, एवढ्या फेऱ्या. त्यातली पहिलीच फुकट गेली की तो मुळी बांधून घेतो आणि कामाला लागतो. वाया गेलेल्या औषधाचा जाब तुमच्याकडे विचारला जातो. वाया गेलेल्या फेरीचा कुणी विचारत नाही.

सात. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात हा आजार किती आहे ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण गावात तो कसा दिसतो ते सांगतो. पोरगं वारंवार आजारी, हाडं फुटल्यासारखी दुखतात, डोळे पिवळे. पिवळे डोळे म्हणून काविळीची माळ घालतात. हे पिवळेपण तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळं आलेलं असतं, माळेला ते काय कळणार. दुखण्याची लाट काही दिवसांनी बहुधा आपोआप ओसरते आणि उतारा टाकणाऱ्याला यश मिळतं. पुन्हा लाट आली की ‘कुणीतरी करणी केली’, मग संशय भावकीतल्या एखाद्या विधवेवर. एका रक्ततपासणीनं मिटणारी गोष्ट गावात वैर पेरून जाते. 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासण्याही होतात. पण तपासणीनंतर कार्ड हातात आणि पुढं काही नाही, अशी कुटुंबं आम्हाला भेटतात. या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू असतील तर ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. त्यासाठी दर वेळी शहर गाठायचं असेल तर दोन-तीन महिन्यांत गोळ्या सुटतात, दुखणं परत येतं, आणि ‘डाक्टरच्या गोळ्यानं काही होत नाही’ हे गावात सिद्ध होतं.

आठ. कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात हत्या झाल्यावर अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड, दखलपात्र, अजामीनपात्र. यातला ‘रोखून’ हा भाग पकडून मांत्रिक निसटतो. ‘मी कुठं अडवलं, तेच आले’ असं तो म्हणतो, आणि घरच्यांनाही तोंड उघडायचं नसतं, कारण त्यांनीच नेलेलं असतं. कायद्यानं नेमायचा दक्षता अधिकारी कोण, हे गावातल्या पोलीस पाटलालाही सांगता येत नाही. मृत्यू झाल्यावर गुन्हा नोंदवणं हा शेवटचा उपाय झाला. दक्षता अधिकाऱ्यानं पावसाळ्याआधी त्या भागातल्या प्रत्येक मांत्रिकाला, भगताला समोर बसवून कायदा समजावला, सही घेतली, तर त्यानंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही.

नऊ. मोजणी. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं दगावली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सरकारी दवाखान्यांच्या नोंदी याच्या जवळपासही जात नाहीत, कारण बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर होतात. मांत्रिकाच्या ओसरीवर किंवा वाटेत मेलेला माणूस शवविच्छेदन न होताच जाळला जातो. तो कुठल्याही तक्त्यात येत नाही. त्याचं घर शेतकऱ्याचं असेल तर अपघात विम्याच्या जागी आलेल्या गोपीनाथ मुंडे सानुग्रह अनुदानाचे 2 लाख कागदांअभावी अडकतात. भूमिहीन मजुराचं असेल तर ती योजना त्याच्यासाठी नाहीच, आणि जमिनीवर निजणारा बहुधा तोच असतो. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं केंद्रानं मार्च 2024 च्या कृती आराखड्यात ठरवलं आहे. निम्मे कशाचे, हे आधी जिल्ह्याला माहीत हवं ना?

तक्रारी एवढ्या. मागण्या फार मोठ्या नाहीत, कारण यातलं बरंचसं तुमच्याच नियमांत आधीपासून आहे.

सर्पदंशाच्या लसीचा साठा मागच्या वापरावरून ठरवणं बंद करा. धानपट्ट्यातल्या आणि जंगलालगतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जून ते ऑक्टोबर किमान 20 कुप्या, म्हणजे दोन रुग्णांची पहिली मात्रा, कायम ठेवा. वीसच्या खाली आल्या की त्याच दिवशी भरा. पावडरच्या कुप्या द्या, म्हणजे फ्रिज बंद पडला की साठा गेला असं होणार नाही. सोबत अॅड्रिनालिन, लकवा आणणाऱ्या विषासाठी निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन, श्वास देण्याचा फुगा आणि काचेच्या नव्या नळ्या. हे सगळं एकाच पेटीत, कुलपाशिवाय. किल्ली फार्मासिस्टकडे आणि फार्मासिस्ट नागपूरला, हा प्रकार नको.

पावसाळ्याआधी प्रत्येक केंद्रातल्या डॉक्टर, सिस्टर आणि 108 च्या कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा सराव घ्या. भाषण नको. कुप्या विरघळवायला लावा, रिअॅक्शन आली असं धरून सिरिंज भरायला लावा, घड्याळ लावून. आणि मार्गदर्शिकेप्रमाणे उपचार सुरू करून रुग्ण दगावला तर यंत्रणा डॉक्टरच्या पाठीशी राहील, असं लेखी द्या. त्याच्या दारात जमाव आला तर पोलीस किती वेळात येणार तेही लिहा.

मांत्रिकांना कामाला लावा. हे वाचून आमच्याच काही मित्रांना राग येईल. चळवळीत यावर आमचे वाद झालेले आहेत. पण गावातला पहिला फोन त्यालाच जातो, हे बदलायला दहा वर्षं लागतील आणि तोवर माणसं मरतील. त्यानं हात न लावता, दोरी न बांधता, न कापता, तासाभराच्या आत रुग्ण दवाखान्यात पोचवला तर त्याला आणि गाडीवाल्याला ठरावीक रक्कम द्या. आशाताईलाही द्या. अडवून ठेवला तर कायदा लावा. त्याचा मान राहू द्या, उपचार काढून घ्या.

रात्रीची वाहतूक फक्त 108 वर सोडू नका. प्रत्येक ग्रामपंचायतीनं गावातल्या दोन दुचाकी आणि एका चारचाकीचे नंबर फळ्यावर लिहावेत आणि पेट्रोलचे पैसे ग्रामनिधीतून दुसऱ्याच दिवशी द्यावेत. रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून मागून एकानं धरलं की बारा-पंधरा किलोमीटर नेता येतं. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा फळीला सैल बांधायचा, अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण आधी काढायचे, रुग्णाला चालवायचं नाही. साप पकडून आणायची गरज नाही. एवढं फळ्यावर मावतं.

मच्छरदाण्या द्या. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारला आत येऊ देत नाही, आणि डासही अडवते. एका खर्चात दोन कामं होतात. आधी भूमिहीन घरांना द्या.

कुत्रा चावलेल्याला कुठल्याही दिवशी, एकटा आला तरी, परत पाठवायचं नाही, असा आदेश काढा. कुपी वाया गेली तर नोंद करा, जाब विचारू नका.

सिकलसेलच्या रुग्णांचं ठरावीक काळाचं रक्त उपकेंद्रात घ्या आणि नमुना शहरात पाठवा, रुग्णाला नको. गोळ्या गावात पोचवा.

दवाखान्याबाहेर झालेल्या सर्पदंशाच्या प्रत्येक मृत्यूची आशाताई आणि पोलीस पाटील यांच्याकडून नोंद घ्या: किती वाजता चावला, आधी कुठं नेलं, कुठल्या दवाखान्यानं परत पाठवलं, पहिली मात्रा किती वाजता मिळाली. शेवटचे दोन रकाने आजवरच्या कुठल्याही तक्त्यात आम्हाला दिसले नाहीत.

आणि मोहीम करायचीच असेल तर पोस्टरवर ‘जाऊ नका’च्या जागी केंद्राचं नाव, रात्रपाळीच्या माणसाचा फोन आणि आज किती कुप्या आहेत तो आकडा लिहा. आकडा रोज खडूनं बदला. खोटा लिहिलात तर गाव आठवड्यात ओळखेल.

यापैकी काय होणार, काय होणार नाही आणि का, हे आम्हाला मे अखेरपर्यंत लेखी कळवावं. उत्तर ग्रामसभेत मोठ्यानं वाचता येईल अशा मराठीत असावं, आणि देवलापारकडच्या गावांसाठी गोंडीतही. होणार नाही असं असेल तर तेही स्पष्ट लिहा.

आपले,
नागपूर जिल्ह्यातले ग्रामीण आरोग्य कार्यकर्ते, आशाताई, सर्पमित्र आणि अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते